खडकांचे आणि जीवाश्मांचे वय कसे ठरते?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



'कार्बन डेटिंग' हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या देशात प्रयोगशाळेतून निघून न्यायालयात, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि गावच्या पारावर येऊन पोहोचला आहे. वाराणसीच्या ज्ञानवापी मशिदीच्या वजूखान्यात आढळलेल्या एका दगडी वस्तूचे कार्बन डेटिंग करावे, अशी मागणी २०२२ साली न्यायालयासमोर आली. एक पक्ष तिला शिवलिंग म्हणतो, दुसरा कारंजे. जिल्हा न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही मागणी फेटाळली. मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने शास्त्रीय तपासणीला अनुमती दिली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. या वादाच्या कायदेशीर बाजूचा विचार येथे कर्तव्य नाही. परंतु ज्या देशात दगडाचे वय कार्बनने काढता येते असे लक्षावधी सुशिक्षित माणसे समजतात, त्या देशात दगडांचे वय खरोखर कसे काढतात हे सांगण्याची जबाबदारी कोणावर तरी येऊन पडते.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ साली गाळला गेला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रावर सह्या केल्या. ज्या विद्यार्थ्याने अकरावीला विज्ञानशाखा घेतली नाही, त्याच्या कानावर उत्क्रांतीचा सिद्धांत शाळेत यापुढे पडणार नाही. अशा मुलाला उद्या कोणी विचारले की, "डायनोसॉर कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेले हे तुम्हांला कोणी सांगितले? कोणी पाहायला गेले होते काय?", तर तो निरुत्तर होईल. आणि खरे सांगायचे तर आपले पुष्कळ कार्यकर्तेही निरुत्तर होतील. "शास्त्रज्ञ सांगतात" हे उत्तर नव्हे. "पोथीत लिहिले आहे" या उत्तराची ती केवळ दुसरी आवृत्ती आहे. शास्त्रज्ञ कशाच्या आधारे सांगतात, हे ज्याला सांगता येईल त्यानेच वादात उतरावे.

प्रारंभ अगदी साध्या गोष्टीपासून करू. टोपलीत भाकऱ्या एकीवर एक रचलेल्या असल्या, तर तळाची भाकरी आधी भाजलेली असते. गाळाच्या खडकांचेही तसेच. समुद्राच्या किंवा नदीच्या तळाशी गाळाचा एक थर बसतो, त्यावर दुसरा बसतो. खालचा जुना, वरचा नवा. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणाला शोधावी लागली असेल यावर विश्वास बसत नाही. परंतु ती शोधावीच लागली. निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने इटलीतील फ्लॉरेन्स येथे असताना १६६९ साली हा नियम प्रथम नीट मांडला. डोंगरातल्या दगडांत सापडणारे त्रिकोणी 'जिव्हापाषाण' हे वस्तुतः शार्क माशांचे दात आहेत, हेही त्यानेच ओळखले. त्याआधी १६५० साली आर्चबिशप जेम्स अशरने बायबलमधील वंशावळींची बेरीज करून इसवी सनापूर्वी ४००४ हे जगाच्या उत्पत्तीचे वर्ष जाहीर केले होते. अशर हा काही अडाणी मनुष्य नव्हता. त्याचे गणित काटेकोर होते. पण त्याचा पुरावा पुस्तकातला होता आणि स्टेनोचा जमिनीतला. पुढच्या साऱ्या इतिहासाला वळण मिळाले ते या फरकातून.

स्टेनोचा नियम कामाला लावला तो विल्यम स्मिथने. हा इंग्लंडमधल्या एका लोहाराचा मुलगा. शिक्षण खेड्यातल्या शाळेपुरते. मोजणीदाराचे काम करीत तो कोळशाच्या खाणींत उतरला आणि सॉमरसेट परगण्यात कोळसा वाहून नेण्यासाठी कालवा खोदला जात होता, त्या कामावर राहिला. औद्योगिक क्रांतीने इंग्लंडची जमीन उभी चिरली होती. पूर्वी कोणत्याही विद्वानाला दिसले नव्हते इतके उभे छेद खाणकामगारांच्या आणि कालव्याच्या मजुरांच्या डोळ्यांसमोर रोज येत होते. स्मिथच्या लक्षात आले की प्रत्येक थरात विशिष्ट जीवाश्म आढळतात आणि त्यांचा क्रम कोठेही बदलत नाही. मग शंभर मैलांवरच्या दुसऱ्या टेकडीत तेच शिंपले सापडले, तर तो थर तोच, हे ओळखता येते. या एका कल्पनेच्या बळावर त्याने इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा काही भाग यांचा भूशास्त्रीय नकाशा एकट्याने तयार केला. तो १८१५ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेतील सरदार-जमीनदार सभासदांनी या लोहाराच्या मुलाला आपल्या पंक्तीला बसू दिले नाही; उलट स्वतःचा प्रतिस्पर्धी नकाशा काढला. कर्जबाजारी झालेला स्मिथ १८१९ साली तुरुंगात गेला. त्याच संस्थेने पुढे १८३१ साली आपले पहिले वोलॅस्टन पदक त्यालाच दिले.

स्मिथच्या पद्धतीला आपण सापेक्ष कालगणना म्हणतो. कोण आधी, कोण नंतर, एवढे ती सांगते. किती वर्षे आधी, हे सांगत नाही. येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो: "खडकाचे वय जीवाश्मावरून ठरवता आणि जीवाश्माचे वय खडकावरून, हे तर गाडीपुढे घोडा की घोड्यापुढे गाडी असे झाले!" आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण थरांचा क्रम उत्क्रांतीच्या सिद्धांतावरून ठरलेलाच नाही. तो ठरला कालव्यांच्या आणि खाणींच्या छेदांत, प्रत्यक्ष थर पाहून, आणि तोही डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी. स्मिथला उत्क्रांतीशी काही कर्तव्य नव्हते. वर्षांचा हिशेब तर त्याहूनही स्वतंत्र अशा पदार्थविज्ञानाच्या मार्गाने पुढे आला.

परंतु तो मार्ग सापडण्यापूर्वी विज्ञानाला पन्नास वर्षे एका मोठ्या माणसाच्या सावलीत काढावी लागली. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन, याने १८६२ साली गणित मांडले: पृथ्वी आरंभी वितळलेला गोळा होती, ती हळूहळू थंड होत गेली, खाणीत खाली उतरताना उष्णता किती वाढते हे मोजले, तर थंड व्हायला किती काळ लागला ते काढता येईल. त्याचे उत्तर आले २ कोटी ते ४० कोटी वर्षे. वय वाढेल तसे केल्विनचे आकडे आकसत गेले. १८९७ मध्ये तो २ ते ४ कोटींवर येऊन ठेपला. भूशास्त्रज्ञांना हा काळ अपुरा वाटे. डार्विनने आग्नेय इंग्लंडमधील वील्डच्या खोऱ्याची धूप व्हायला ३० कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज पहिल्या आवृत्तीत दिला होता. टीकेचा भडिमार झाल्यावर १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने तो काढून टाकला. गणित आणि पदार्थविज्ञान यांच्या प्रतिष्ठेपुढे दगड-मातीचा पुरावा दबून गेला.

केल्विनची चूक किरणोत्सर्गाच्या शोधामुळे उघडकीस आली, असे शालेय पुस्तकांत बहुधा लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्याच हाताखाली पूर्वी काम केलेल्या जॉन पेरी या अभियंत्याने १८९५ साली, म्हणजे किरणोत्सर्गाचा शोध लागण्याच्या आदल्या वर्षी, दाखवून दिले की चूक गणितात नसून गृहीतकात आहे. पृथ्वीचा अंतर्भाग लोखंडी गोळ्यासारखा निव्वळ घट्ट धरला म्हणून हे उत्तर येते. आतील द्रव्य हळूहळू का होईना सरकत, फिरत असेल आणि आतली उष्णता वर आणीत असेल, तर पृथ्वीचे वय २०० ते ३०० कोटी वर्षेही येऊ शकते. पेरीचे कोणी फारसे ऐकले नाही. आज पृथ्वीच्या प्रावरणातील हे अभिसरण सर्वमान्य आहे. निर्जीव, अचल पृथ्वीचे चित्र गृहीत धरल्याने एवढा थोर गणिती फसला, ही गोष्ट एंगल्सच्या वाचकांना विशेष जाणवावी. 'निसर्गाचे द्वंद्ववाद' या, त्याच्या मृत्यूनंतर १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या, टिपणांत एंगल्सने भूशास्त्रज्ञ लायेलचे श्रेय मान्य करून लगेच त्याचा दोषही दाखविला आहे: पृथ्वीवरील शक्ती गुणाने आणि परिमाणाने सदैव सारख्याच राहिल्या असे लायेल मानतो, पृथ्वीला विकासाची दिशा आहे हे त्याला दिसत नाही. मात्र एंगल्सही पृथ्वीचा इतिहास थंड होत जाण्याचा इतिहास म्हणूनच पाहत होता. किरणोत्सर्ग त्यालाही ठाऊक असणे शक्य नव्हते, हे विसरू नये.

बेकरेलने १८९६ मध्ये युरेनियमचा किरणोत्सर्ग पाहिला. रदरफोर्ड आणि सॉडी यांनी १९०२ च्या सुमारास सिद्ध केले की किरणोत्सर्गात एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलते, आणि हे ठराविक वेगाने घडते. येथेच खडकांना घड्याळ मिळाले. या घड्याळाचे काम कसे चालते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सारे त्यावर उभे आहे.

युरेनियमचा एखादा विशिष्ट अणू केव्हा फुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. परंतु कोट्यवधी अणूंचा समुदाय घेतला, तर त्यातील निम्मे किती काळात फुटतील हे अचूक सांगता येते. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी वर्षे, पोटॅशियम-४० चे सुमारे १२५ कोटी वर्षे. पहिल्या दोहोंचा शेवट शिशात होतो. पोटॅशियम-४० चा काही भाग आर्गॉन या वायूत बदलतो. मूळ द्रव्य किती उरले आणि त्यापासून झालेले किती साठले, हे मोजले की मधला काळ निघतो. बोल्टवूडने १९०७ साली काही खनिजांतील शिसे आणि युरेनियम यांच्या प्रमाणावरून ४१ कोटी ते २२० कोटी वर्षे असे आकडे काढले. आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने १९११ मध्ये ही पद्धत भूशास्त्राच्या थरांशी जोडली. त्याच्या कोष्टकात डेव्होनियन काळाला सुमारे ३७ कोटी वर्षे आणि सिलोनमधील एका खनिजाला १६४ कोटी वर्षे असे वय होते. समस्थानिकांची कल्पनाही तेव्हा रूढ नव्हती, म्हणून हे आकडे कच्चे होते. तरी केल्विनच्या चौकटीतून भूशास्त्र कायमचे बाहेर पडले.

या कामाला सर्वांत उत्तम खनिज म्हणजे झिरकॉन. त्याचा स्फटिक बनताना युरेनियमला आत जागा देतो, शिशाला मात्र जवळजवळ दाराबाहेरच ठेवतो. म्हणून आज झिरकॉनच्या पोटात जे शिसे सापडते ते आतच जन्मलेले. शिवाय एकाच स्फटिकात दोन वेगवेगळ्या गतीची घड्याळे चालू असतात, एक युरेनियम-२३८ चे, दुसरे युरेनियम-२३५ चे. दोन्हींनी सारखी वेळ दाखवली तर स्फटिक सुरक्षित राहिला आहे. दाखवली नाही तर मध्यंतरी काही शिसे निसटले, हे त्या विसंगतीतूनच कळते. घड्याळ बिघडल्याची सूचना घड्याळच देते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील एका झिरकॉनच्या कणाचे वय या मार्गाने सुमारे ४४० कोटी वर्षे ठरले आहे.

आता जीवाश्माकडे वळू. जीवाश्म सापडतात गाळाच्या खडकांत आणि हे घड्याळ सुरू होते ते लाव्हारस थंड होऊन स्फटिक बनतो त्या क्षणी. गाळातल्या वाळूच्या कणाचे वय काढले, तर तो कण ज्या जुन्या डोंगरातून आला त्याचे वय मिळेल, गाळ बसल्याचे नव्हे. म्हणून डायनोसॉरच्या हाडाचे वय बहुधा थेट काढतच नाहीत. त्या थराच्या खाली आणि वर ज्वालामुखीच्या राखेचे किंवा लाव्ह्याचे थर शोधतात. खालच्याचे वय ६ कोटी ८० लाख आणि वरच्याचे ६ कोटी ६० लाख आले, तर हाड या दोहोंच्या मधल्या काळातले. जबानीत दोन साक्षीदारांच्या वेळांमध्ये घटना पकडावी, तसाच हा प्रकार आहे. आणि ज्या थरात राखच नाही, तेथे स्मिथची जुनी पद्धत कामी येते: दुसरीकडे वय ठरलेल्या थरातील जीवाश्म येथे ओळखायचे.

"किरणोत्सर्गाचा वेग पूर्वीही हाच होता कशावरून?" हा प्रश्न विचारणारा सुज्ञच म्हटला पाहिजे. त्याची उत्तरे अनेक आहेत, दोन पुरेत. १९८७ साली शेजारच्या एका दीर्घिकेत तारा फुटलेला दिसला. ते अंतर सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांचे. म्हणजे दिसला तो स्फोट तितक्या वर्षांपूर्वीचा. त्यात निर्माण झालेल्या कोबाल्ट-५६ ची तेजस्विता कमी होत गेली ती आजच्या प्रयोगशाळेतल्याच वेगाने. दुसरे उत्तर पोवळ्यांचे. पोवळ्याच्या कवचावर वाढीच्या बारीक रेषा दिवसागणिक आणि जाड कडी वर्षागणिक उमटतात. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन वेल्स याने १९६३ मध्ये डेव्होनियन काळातील पोवळ्यांवरच्या रेषा मोजल्या, तर वर्षाला सुमारे ४०० भरल्या. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे मंदावत जाते, म्हणजे पूर्वी दिवस लहान आणि वर्षातले दिवस जास्त होते, हे खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होते. त्यांच्या हिशेबाने वर्षाला ४०० दिवस असण्याचा काळ जवळपास तोच येत होता, जो शिसे-युरेनियमने डेव्होनियनला दिला होता. पोवळ्याला अणुविज्ञान येत नव्हते आणि चंद्राला शिशाशी कर्तव्य नव्हते. तरी तिघांची साक्ष जुळली.

मग पृथ्वीचे वय? पृथ्वीचे आरंभीचे खडक शिल्लक नाहीत. ते वितळले, पुन्हा घडले, झिजले. म्हणून पृथ्वीबरोबरच जन्मलेल्या आणि नंतर न बदललेल्या अशनींकडे जावे लागले. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हे काम शिकागोत हाती घेतले, तेव्हा त्याच्या नमुन्यांत असायला हवे त्याहून कितीतरी जास्त शिसे येऊ लागले. कारण शोधताना कळले की शिसे नमुन्यात नाही, सगळीकडे आहे: हवेत, धुळीत, पाण्यात, केसांत, कपड्यांवर. कॅलिफोर्नियाच्या तंत्रशास्त्र संस्थेत जाऊन त्याने धूळमुक्त प्रयोगशाळा उभारली आणि वर्षानुवर्षे पुसण्या-धुण्याचे काम केले. ॲरिझोनातील कॅन्यन डायब्लो येथे पडलेल्या लोखंडी अशनीतील ज्या खनिजात युरेनियम नगण्य होते, त्यातील शिसे म्हणजे सूर्यमालेचे आरंभीचे शिसे. त्याच्याशी इतर अशनींतील आणि समुद्रतळाच्या गाळातील शिशाची तुलना करून त्याने १९५६ मध्ये जाहीर केलेला आकडा ४५५ कोटी वर्षे, चूक झाल्यास ७ कोटी इकडेतिकडे. तो आकडा आजही जवळपास तसाच उभा आहे.

एवढ्यावर पॅटरसन थांबला असता तर त्याला पदके मिळाली असती आणि प्रकरण मिटले असते. पण हे सगळीकडचे शिसे येते कोठून, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. समुद्राच्या वरच्या पाण्यात ते खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होते, म्हणजे नुकतेच येऊन पडलेले. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत ते अलीकडच्या काळात एकदम चढत गेलेले दिसले. मुख्य उगम होता मोटारींच्या पेट्रोलचा. इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याचा शोध १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत लागला होता. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही उद्योग पुढे चालूच राहिला, आणि शिसे मानवी शरीरात स्वाभाविकच असते, धोक्याची पातळी बरीच वर आहे, असे उद्योगाच्या पगारी तज्ज्ञाने चार दशके सांगितले. पॅटरसनने १९६५ मध्ये लेख लिहून म्हटले की जे 'नेहमीचे' आहे ते 'नैसर्गिक' नव्हे. त्याला तेल उद्योगाकडून मिळणारे अनुदान बंद झाले. १९७१ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतील शिशाविषयी समिती नेमली, तेव्हा या विषयातला हा अग्रगण्य माणूस तीत नव्हता. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिशाचे पेट्रोल पूर्णपणे बंद झाले ते १९९६ मध्ये, पॅटरसनच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच. आपल्या देशात २००० साली. खडकाच्या वयाचा अभ्यास हा निरुपद्रवी, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही हकीकत पुन्हा वाचावी.

कार्बनविषयी आता थोडक्यात. विलार्ड लिबी याने १९४९ मध्ये ही पद्धत सिद्ध केली. तिच्यासाठी त्याला १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. वातावरणात विश्वकिरणांमुळे कार्बन-१४ सतत तयार होतो. झाडे तो हवेतून घेतात, प्राणी झाडांतून. जीव मेला की घेणे थांबते आणि साठा ५,७३० वर्षांत निम्मा होतो. म्हणून लाकूड, कोळसा, हाड, धान्य यांचे वय निघते, तेही सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. दगड कधी जिवंत नव्हता. त्याला हे घड्याळच नाही. दगडी बांधकामाखाली दबलेला कोळसा किंवा चुन्यात अडकलेला गवताचा तुकडा मिळाला तर गोष्ट वेगळी. आणि डायनोसॉरचे वय कार्बनने काढतात असे म्हणणाऱ्यास एवढेच सांगावे की समग्र पृथ्वी शुद्ध कार्बन-१४ ची असती, तरी १० लाख वर्षांत तिचा शेवटचा अणूही संपला असता. ही पद्धत आपल्याकडे रुजली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० च्या दशकात. पुढे तेच काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली, हे कळले ते चुलीतल्या आणि जळक्या घरांतल्या कोळशावरून. ना राजा, ना शिलालेख. अशा कष्टकऱ्यांना इतिहासात तारीख मिळाली ती या पद्धतीने.

ज्यांनी सह्याद्रीचे घाट ओलांडले आहेत, त्यांनी काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांसारख्या कड्यांत मध्येच तांबड्या मातीचे पट्टे पाहिले असतील. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट किंवा लोटांचा गट. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून झालेली माती. भूशास्त्रज्ञांनी या थरांना आपल्याच गावांची नावे दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. या दख्खनच्या पाषाणाचे वय हा दीर्घ वादाचा विषय होता. लोटांच्या मधल्या तळ्यांतील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून बिरबल साहनी यांनी ते तृतीयक कालखंडाच्या आरंभाचे, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे, असे प्रतिपादन केले. नंतर पोटॅशियम-आर्गॉनने वये काढली, तर आकडे कोट्यवधी वर्षांच्या पट्ट्यात विखुरले. कारण कुजलेल्या बेसॉल्टमधून आर्गॉन निसटतो. १९८६ मध्ये कूर्तिलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली: लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात गोठून राहते. घाटातले बहुतेक सारे लोट चुंबकत्वाच्या एकाच उलट्या कालखंडात बसतात आणि तो कालखंड १० लाख वर्षांहूनही लहान आहे. म्हणजे लाखो चौरस किलोमीटरचा हा प्रदेश भूशास्त्राच्या हिशेबाने एका झपाट्यात लाव्ह्याखाली गेला.

हा झपाटा नेमका डायनोसॉरच्या विनाशाच्या काळचा, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच वेळी मेक्सिकोत चिक्शुलुब येथे प्रचंड अशनी आदळला होता. मग मारेकरी कोण? फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एकाने तांबड्या पट्ट्यांतून ज्वालामुखी राखेतले झिरकॉन वेचले आणि म्हटले की उद्रेक चार मोठ्या उबाळ्यांत झाले, त्यांतला एक विनाशाच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. दुसऱ्याने आर्गॉनची सुधारलेली पद्धत वापरली आणि म्हटले की सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर बाहेर पडला. उद्रेकाचा एकूण काळ सुमारे ७ ते १० लाख वर्षे यावर दोघे सहमत. मतभेद आहेत ते काही दशसहस्र वर्षांचे, ६ कोटी ६० लाखांत. केल्विनच्या काळी भांडण कोटींचे होते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मोठ्या डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्या काळातील विष्ठेचे दगड सापडतात. त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरनंतर आले, हा तोपर्यंतचा समज होता. थराचे वय पक्के असल्यामुळेच एवढ्याशा कणाला तो खोडून काढता आला.

मात्र सर्व ठिकाणी इतकी निश्चिती नाही, आणि हे लपविण्याचे कारण नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या पांढरट राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. महाराष्ट्रात त्या वेळी ज्वालामुखी नव्हता. राख दूर सुमात्रातील तोबा येथून आली असे रसायनावरून दिसते. पण केव्हा? १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉनने १४ लाख वर्षे असे उत्तर दिले. १९९५ मध्ये आर्गॉनच्या सुधारलेल्या पद्धतीने ६ लाख ७० हजार. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने काचेच्या कणांच्या रसायनावरून ती तोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरविली. २०११ मध्ये आणखी काहींनी तोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा पक्ष घेतला. नदीने वाहून आणलेल्या राखेत भोवतालच्या सहा कोटी वर्षांच्या काळ्या पाषाणाचे चार कण जरी मिसळले, तरी आर्गॉनचा हिशेब फुगतो. उलट नुसत्या रसायनावर विसंबले, तर एकाच ज्वालामुखीच्या दोन स्फोटांची राख सख्ख्या भावांसारखी दिसते. राख ७५ हजार वर्षांची असेल आणि हातकुऱ्हाडी तिच्याबरोबरच्या असतील, तर ही जुनी अवजारे घडविणारी माणसे घोड-कुकडीच्या खोऱ्यात फार उशिरापर्यंत टिकून होती असे मानावे लागेल. किंवा नदीने जुनी अवजारे उकरून नव्या गाळात आणून टाकली असे. राख ८ लाखांची असेल, तर पश्चिम भारतातील माणसाचा इतिहास तितका मागे जातो. राखेतून एकेक काचकण वेगळा वेचून त्याचे वय काढणे, आणि राखेच्या वरच्या व खालच्या गाळावर शेवटचे ऊन केव्हा पडले ते प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने मोजणे, या दोन वाटांनी काम चालले आहे. बोरीच्या थराचे वय पुस्तकात एकाच आकड्याने छापलेले आढळले, तर तो आकडा कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या साली काढला हे वाचकाने आधी पाहावे.